चारशे अठराव्या कार्डावरचा ठिपका

पुरावाबाई; हुद्दा सहायक ग्रंथपाल, संदर्भ विभाग, सार्वजनिक वाचनालय; सेवा सत्तावीस वर्षे दोन महिने, त्यांपैकी एक दिवसही अन्य विभागात नाही. कार्यालयीन दप्तरात त्यांच्याविषयी एवढीच नोंद सापडते आणि ती अचूक आहे. पुरावाबाई हे नाव मात्र दप्तरातले नव्हे, वाचकांनी ठेवलेले. कोणी एखादी गोष्ट ठामपणे सांगू लागला की बाई चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत आणि विचारीत, "पुरावा?" एकदा एक गृहस्थ दारातून आत येताना नुसते "आज फार उकडतंय" असे म्हणाले, तेव्हाही बाईंच्या तोंडून सवयीने तोच शब्द निघाला. त्या दिवसापासून नाव पक्के झाले.

संदर्भ विभाग तळमजल्यावर, मागच्या बाजूस. खोलीला खिडकी एकच, आणि ती सायकली ठेवण्याच्या छपराकडे उघडणारी. एक लांब टेबल, चार संगणक (त्यांतला एक सुरू व्हायला सात मिनिटे घेणारा), आणि भिंतीशी साठ खणांचे लाकडी कपाट. या कपाटात विभागाने आजवर दिलेल्या उत्तरांची कार्डे होती. वाचकाने प्रश्न विचारायचा, बाईंनी उत्तर शोधायचे, ते कार्डावर लिहायचे, खाली स्रोत नोंदवायचा आणि कार्डाला क्रमांक द्यायचा. पुन्हा कोणी तोच प्रश्न विचारला की शोधाशोध नको. अशी एक हजार एकशे चाळीस कार्डे जमली होती. आठ वर्षांपूर्वी वाचनालयाने ती सगळी स्कॅन करून आपल्या संकेतस्थळावर ठेवली होती; त्यानंतरची उत्तरे थेट संगणकावर नोंदली जात, नवे कार्ड निघाले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी खर्चात काटछाट झाली आणि पैसे भरून मिळणारी सगळी संदर्भसाधने एका पत्राने बंद पडली. मुख्य ग्रंथपाल बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान. ते म्हणाले होते, "बाई, आता सगळं फुकट मिळतं नेटवर. काळजी कशाला?" फुकट मिळते हे खरेच होते. पण फुकट आणि खात्रीचे या दोन गोष्टी एका जागी सापडायच्या म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसावे लागे. ते बसणे बाईंच्या वाट्याला आले. त्यांनी एक यादी केली. सरकारी सांख्यिकी खात्याचे तक्ते, विद्यापीठांनी खुले केलेले प्रबंध, अभिलेखागारात स्कॅन करून ठेवलेले जुने अहवाल, नकाशे, कायद्यांची मूळ कलमे, जुनी वृत्तपत्रे, कोणालाही वाचता येणारी संशोधनपत्रे: एकूण एकशे बारा ठिकाणे. प्रत्येकापुढे ते कोण चालवतो, कशासाठी उपयोगी आहे आणि शेवटचे कधी तपासले हे तीन रकाने. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाई एकशे बाराही ठिकाणे उघडून पाहत. काही बंद पडलेली असत. काही "मोफत" म्हणता म्हणता तिसऱ्या पायरीवर बँकेच्या कार्डाचा क्रमांक मागत. अशांवर बाई लाल रेघ ओढीत आणि त्यांच्या जागी दुसरे शोधीत. शनिवारी संध्याकाळी घरी जाताना त्यांची मान लाकडासारखी झालेली असे.

यादीच्या डोक्यावर त्यांनी चार प्रश्न लिहिले होते: कोण म्हणतो? त्याला कसे कळले? ते त्याने कधी म्हटले? आणि तसे म्हणण्यात त्याचा काय फायदा? त्याखाली एकच नियम: एकमेकांवर न विसंबणारे दोन स्रोत मिळाल्याखेरीज उत्तर द्यायचे नाही.

घरी बाईंचे यजमान. सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झालेले आरेखक. त्यांची एक थट्टा गेली वीस वर्षे चालू होती. जेवायला बसले की म्हणायचे, "भाजीत मीठ कमी आहे, असं माझं मत. पण दुसरा स्वतंत्र स्रोत नाही, तेव्हा गप्प बसतो." बाई पूर्वी हसत. अलीकडे नुसते मीठ पुढे सरकवीत. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि त्यांना आता कशाचेच हसू लवकर येत नसे.

अशा दिवसांत एका सकाळी एक बाई विभागात आल्या. वय पन्नाशीचे, गळ्यात मोजमापाची फीत तशीच राहिलेली, बोटाच्या पेरांवर सुईच्या खुणा. त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला.

"मी कपडे शिवते, बाजारामागच्या गल्लीत. सगळे टेलरबाई म्हणतात. हे वाचा जरा."

तो नगरपालिकेच्या माहिती-फलकाचा मसुदा होता. नदीच्या जुन्या धक्क्यावर फलक लागायचा होता. धक्क्याचा इतिहास, फेरीबोटींची माहिती, आणि शेवटी एक वाक्य: एकेचाळीस वर्षांपूर्वी चालकाच्या हयगयीमुळे अखेरच्या फेरीची बोट खांबावर आदळून बुडाली व अकरा जण मृत्युमुखी पडले.

"तो चालक माझे वडील," टेलरबाई म्हणाल्या. "अकरांत तेही होते. मी नऊ वर्षांची होते तेव्हा. आई सांगायची, सुकाणू बिघडलेलं होतं, ते रोज घरी येऊन तेच बोलायचे. पण आईचं कोण ऐकतो? फलकवाल्या समितीकडे गेले, तर म्हणाले, नेटवर तीन ठिकाणी असंच आहे. तुमच्याकडे दुसरं काही खात्रीचं असेल तर अठरा तारखेपर्यंत लेखी आणा. वीसला फलक छापायला जाणार."

त्या दिवशी सहा तारीख होती.

बाईंनी त्यांना बसवले आणि शोध सुरू केला. अर्ध्या तासात तीन स्रोत सापडले: लोकांनी मिळून लिहिलेला एक खुला ज्ञानकोश, गावाच्या इतिहासाची हौस असलेल्या कोणाचे तरी संकेतस्थळ, आणि नदीवाहतुकीवरचा एका विद्यापीठाचा प्रबंध. तिन्हींत चालकाची हयगय. तिन्हींत बोटीवर सत्तेचाळीस उतारू. बाईंनी तिन्ही पाने छापून घेतली, तारीख घातली, टाचणी लावली आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाल्या, "बाई, मला वाईट वाटतं. पण तीन ठिकाणी एकच आहे. त्यात एक प्रबंधसुद्धा आहे. माझा नियम दोनाचा, इथे तर तीन झाले."

टेलरबाईंनी कागद हातात घेतले, वाचले नाहीत. नुसते एकावर एक ठेवून कडा जुळवल्या, कापड जुळवावे तशा.

"एक विचारू का? रागवू नका. मी एकाच कागदी बेतावरून तीन सदरे कापले आणि बेतातच खांदा चुकलेला असला, तर तिन्ही सदऱ्यांचा खांदा सारखाच चुकणार. मग गिऱ्हाइकाला मी सांगू का, की तिन्ही सारखे आहेत म्हणजे तुमचाच खांदा वाकडा?"

टेलरबाई उठल्या. "तो बेत कुठला, तेवढं बघता आलं तर बघा," म्हणाल्या आणि गेल्या.

त्या दिवशी दुपारचा डबा बाईंनी उघडलाच नाही. ज्ञानकोशातल्या त्या वाक्याची तळटीप त्यांनी उघडली. ती हौशी इतिहासकाराच्या संकेतस्थळाकडे जात होती. त्या संकेतस्थळावर खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, "आधार: सार्वजनिक वाचनालय, संदर्भ-उत्तरे." प्रबंधाच्या शेवटी साडेतीनशे टिपा होत्या. एकशे अठ्ठ्याण्णवावी टीप जरा नेमकी होती: सार्वजनिक वाचनालय, संदर्भ-उत्तरे, क्रमांक चारशे अठरा.

बाई उठल्या, कपाटाशी गेल्या आणि बाविसावा खण ओढला. कार्ड पिवळे पडले होते, पण अक्षर कोणाचे हे विचारण्याची गरज नव्हती. गोल, एकमेकांना चिकटलेले, उकाराची शेपटी लांब. सव्वीस वर्षांपूर्वीचे त्यांचेच अक्षर. "चालकाच्या हयगयीमुळे बोट खांबावर आदळली. उतारू सत्तेचाळीस, मृत अकरा." आणि स्रोताच्या ओळीत एकच शब्द: "वृत्तपत्र."

कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीचा एक ठिपका होता.

तो ठिपका पाहिला आणि बाईंना तो दिवस आठवला. नोकरीचे पहिलेच वर्ष. एका शाळेतून शिक्षकांचा फोन आला होता. हस्तलिखित मासिक दुपारी पूर्ण करायचे होते. जुन्या वृत्तपत्रांचे गठ्ठे बाइंडरकडे गेले होते. अपघाताच्या तिसऱ्या दिवसाचा एकच अंक हाताशी होता. त्यातून त्यांनी उत्तर दिले, कार्ड लिहिले आणि कोपऱ्यात ठिपका दिला. ठिपका म्हणजे पडताळणी बाकी. ही त्यांची स्वतःची खूण, त्यांनीच काढलेली आणि दुसऱ्या कोणाला कधी न सांगितलेली. गठ्ठे परत आले की पाहायचे, असे ठरवले होते. गठ्ठे आले ते तीन महिन्यांनी, आणि तोवर चारशे अठरावरून कार्डे पाचशेच्या पुढे गेली होती.

आठ वर्षांपूर्वी कार्डे स्कॅन झाली ती काळ्या-पांढऱ्यात. फिकी पेन्सिल यंत्राने पुसून टाकली. बाईंनी तेव्हा एक हजार एकशे चाळीस पाने स्वतः तपासून, क्रमांक बरोबर असल्याची सही केली होती. क्रमांक बरोबरच होते. ठिपक्यांकडे पाहण्याचे त्यांना सुचले नव्हते.

तिसऱ्या दिवसाचा तो अंक त्यांनी आता जुन्या वृत्तपत्रांच्या खुल्या संग्रहात उघडला. बातमीत लिहिले होते, "चालकाच्या हयगयीमुळेच हे घडले, असे बोट कंपनीच्या व्यवस्थापकांनी सांगितले." म्हणजे हे वृत्तपत्राचे म्हणणे नव्हते, कंपनीचे होते. तसे म्हणण्यात त्याचा काय फायदा, हा चौथा प्रश्न बाईंनी सत्तावीस वर्षे इतरांना शिकवला होता. कार्ड लिहिताना त्यांनी "असे" पासून "सांगितले" पर्यंतचे पाचच शब्द गाळले होते.

संध्याकाळी त्या घरी आल्या आणि चपला न काढता खुर्चीत बसल्या. यजमानांनी विचारले, "अगं, काय झालं?"

"मी तीन साक्षीदार आणले आणि तिघेही मीच निघाले," बाई म्हणाल्या.

सगळे ऐकून यजमानांनी पाने वाढायला घेतली. मिठाची थट्टा त्या दिवशी झाली नाही.

पुढचे दिवस एका कामात गेले. अकरा माणसे बुडाली म्हणजे चौकशी झालीच असणार आणि चौकशी झाली म्हणजे अहवाल असणार. प्रश्न तो कुठे आहे हा. अभिलेखागाराच्या संग्रहात बाईंनी "बोट" शोधले, "अपघात" शोधले, नदीचे नाव शोधले. काहीच हाती लागेना. जुने अहवाल तिथे छायाचित्रांसारखे ठेवलेले होते. यंत्राला त्यांतले अक्षर वाचता येत नव्हते. खंडांची नावेसुद्धा कसली, तर "संकीर्ण अहवाल, भाग सात", "संकीर्ण अहवाल, भाग आठ". असे एकेचाळीस भाग. प्रत्येकात तीनशेवर पाने, आणि विभागातल्या संगणकावर एक पान उघडायला वीस सेकंद. बाईंनी अपघाताच्या वर्षाचा खंड पाहिला, मग त्याच्या पुढच्या वर्षाचा. नदी नाही, बोट नाही. गुरांच्या रोगराईचे आणि धान्यगोदामांचे अहवाल. जेवणाची सुट्टी, सकाळचा अर्धा तास, संध्याकाळचा अर्धा तास असे जोडून पाच दिवसांत त्यांचे तीन खंड झाले. डोळे चुरचुरू लागले. पाचव्या दिवशी त्यांनी खरोखर हात टेकले.

"सापडत नाही हो," त्या जेवताना म्हणाल्या. "आणि माझ्याकडून आता होतही नाही. वाटतं, तिला सांगून टाकावं, की चूक माझी आहे पण पुरावा नाही."

यजमानांनी ताटातला हात थांबवला. "कोणत्या वर्षाचे खंड पाहतेस?"

"अपघाताच्या. आणि पुढच्या दोन."

"अगं, चौतीस वर्षं मी सरकारी कागद पाहिलेत. काम झालं ते वर्ष वेगळं, छापलं ते वेगळं, आणि लोकांना कळलं ते तिसरंच. आमचा एक नकाशा सहा वर्षं छापखान्यात झोपला होता. खंड नको बघू. छापखान्याची सूची बघ. काय कधी छापलं त्याची त्यांना नोंद ठेवावीच लागते."

बाईंनी मान वर केली. "ती सूची माझ्या यादीत आहे. क्रमांक शहात्तर. दर महिन्याला उघडते मी ती."

"उघडतेस, की चालू आहे एवढंच बघतेस?"

बाईंच्या चेहऱ्यावर आठवड्यात प्रथमच हसण्यासारखे काहीतरी उमटले.

सूचीत सापडायला चौदा मिनिटे लागली. अहवाल अपघातानंतर चार वर्षांनी छापला गेला होता. संकीर्ण अहवाल, भाग तेवीस, पृष्ठे दोनशे अकरा ते दोनशे अडतीस. बाईंनी तो उभ्यानेच वाचला, मग बसून वाचला. सुकाणूची साखळी खिळीपाशी तुटली होती. साखळी झिजल्याची तक्रार चालकाने कार्यशाळेच्या वहीत तीनदा लिहिली होती. तारखा दिल्या होत्या, शेवटची अपघाताच्या नऊ दिवस आधीची. बोट हाकण्यात चालकाची हयगय दिसत नाही, असे चौकशी अधिकाऱ्याने स्वच्छ लिहिले होते. पण दोनशे तेहेतिसाव्या पानावर आणखी एक परिच्छेद होता. बोटीची मर्यादा चाळीस उतारूंची. त्या फेरीला सत्तेचाळीस होते. मोजणी धक्क्यावरच्या कारकुनाने केली. चालकाने हरकत घ्यावयास हवी होती, ती घेतली नाही.

आधी त्या मुख्य ग्रंथपालांकडे गेल्या. त्यांनी कार्ड पाहिले, अहवाल चाळला आणि दार लोटून घेतले.

"बाई, एक सांगू? पान हळूच बदलून टाकू. नवीन मजकूर चढवायचा, बस. कोण बघतंय?"

"जे बघतात त्यांनीच तर तिथून उचललं, सर."

"निवृत्ती तोंडावर आलीय तुमची. निरोपाच्या भाषणात मी काय बोलायचं, अचूकतेबद्दल? कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

"धोंडा सव्वीस वर्षांपूर्वी पडलाय. तो दुसऱ्याच्या पायावर होता, म्हणून मला कळला नाही."

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि दुरुस्तीचा मसुदा स्वतः केला: "तांत्रिक त्रुटीमुळे या उत्तरात काही बदल करण्यात येत आहेत." बाईंनी तो वाचला, पहिले दोन शब्द खोडले, मग सगळेच खोडले आणि खाली लिहिले: "हे उत्तर चूक होते. ते पडताळणी न करता एका बातमीवरून लिहिले गेले. बातमीतील विधान बोट कंपनीचे होते, हे नमूद केले गेले नाही. योग्य माहितीसाठी पाहा: संकीर्ण अहवाल, भाग तेवीस." त्याखाली हुद्दा, नाव आणि तारीख. साहेबांनी पेन बराच वेळ हातात धरले. शेवटी सही केली आणि म्हणाले, "तुम्ही माणसाला दमवता, बाई."

"मीही दमलेय, सर," बाई म्हणाल्या. ते खरे होते.

टेलरबाई सोळा तारखेला आल्या. बाईंनी त्यांना टेबलाच्या आतल्या बाजूची, स्वतःची खुर्ची दिली आणि अहवाल वाचून दाखवला. तीन तक्रारींच्या तारखा आल्या तेव्हा टेलरबाईंनी गळ्यातली फीत काढून बोटाला गुंडाळली. दोनशे तेहेतिसावे पान आले तेव्हा त्या म्हणाल्या, "हे पानसुद्धा द्यायचं समितीला?"

"द्यावं लागेल. अर्धं दिलं, तर मी तेव्हा केलं तेच पुन्हा होईल."

"तेव्हा केलं म्हणजे?"

बाईंनी कार्ड पुढे ठेवले. सांगताना त्यांनी एकही गोष्ट मऊ केली नाही: शिक्षकांचा फोन, बाइंडरकडे गेलेले गठ्ठे, पेन्सिलीचा ठिपका, काळ्या-पांढऱ्यातले स्कॅन. गाळलेले पाच शब्दही सांगितले. टेलरबाई कार्डाकडे पाहत राहिल्या.

"म्हणजे बेत तुमचा होता."

"हो."

"आईचं माहेर नदीच्या पलीकडे. ती पुन्हा कधी त्या धक्क्यावर उतरली नाही. पुलाला वळसा घालून जायची, दोन तास. लोक बघतात म्हणायची. तो तुमचा दोष नाही, तेव्हा तुमचं कार्ड नव्हतं. पण माझा मुलगा आठवीत होता, शाळेचा प्रकल्प होता. त्याने त्या ज्ञानकोशातून मोठ्याने वाचून दाखवलं मला. मग म्हणाला, आई, हे आपले आजोबा का गं? मी नाही म्हणाले."

खिडकीबाहेर कोणीतरी सायकलींची रांग सरळ करीत होते. बाई म्हणाल्या, "मी माफी मागते. माफीने काही—"

"माफ करायला आत्ता मला सवड नाही, बाई," टेलरबाई मधेच म्हणाल्या. "परवा अठरा तारीख आहे. समितीचं पत्र लिहायला घ्या. आणि खाली पान क्रमांक घाला. तो फलकावरसुद्धा हवा. कोणाला वाटलं तर त्याने जाऊन बघावं. पुन्हा कोणी तिसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको."

पत्र त्याच दुपारी गेले. समितीच्या चिटणिसांनी ते वाचले, वेळेत आले आहे याची खात्री केली आणि वाक्य बदलले. चालकाची हयगय गेली. "सुकाणूची साखळी तुटल्याने" असे आले. कंसात अहवालाचा भाग आणि पृष्ठे. जादा उतारूंचा उल्लेख समितीने जागेअभावी घेतला नाही. बाईंनी त्याबद्दल लेखी हरकत नोंदवली आणि ती दप्तरी दाखल झाली.

यापुढचा हिशेब असा. ज्ञानकोशातले वाक्य एकोणीस दिवसांनी दुरुस्त झाले. मधल्या काळात तिथल्या स्वयंसेवकांनी बाईंची दुरुस्ती दोनदा मागे फिरवली. तीन स्रोतांविरुद्ध एक कसा ग्राह्य धरायचा, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो विचारल्याबद्दल बाईंना त्यांचा राग आला नाही. हौशी इतिहासकाराच्या संकेतस्थळावर पत्ता नाही, फोन नाही; ते पान आजही तसेच आहे. प्रबंधाच्या लेखकाला बाईंनी दोन पत्रे पाठवली. उत्तर नाही. विद्यापीठाने कळवले की पदवी प्रदान झाल्यावर प्रबंधात बदल करता येत नाही. यादीत त्या विद्यापीठापुढे बाईंनी लाल रेघ ओढली नाही, फक्त शेरा लिहिला, "टिपा तपासून घ्याव्यात."

कपाटातली सगळी कार्डे त्यांनी उरलेल्या तीन महिन्यांत पुन्हा काढली, उजेडाकडे तिरपी धरून कोपरे पाहिले. ठिपक्याची आणखी एकतीस निघाली. त्यांपैकी एकोणीस पडताळून झाली. सतरा बरोबर होती, दोन चूक. उरलेल्या बारांची यादी त्यांनी नव्या सहायकाच्या स्वाधीन केली आणि पोच घेतली. निरोपसमारंभात साहेब अचूकतेबद्दल बोलले नाहीत, चिकाटीबद्दल बोलले. यजमान शेवटच्या रांगेत बसले होते. घरी येताना म्हणाले, "चिकाटीला मी स्वतंत्र स्रोत आहे." बाई हसल्या, आणि रिक्षातच त्यांना झोप लागली.

समारंभाच्या आदल्या दिवशी टेलरबाई एकदा येऊन गेल्या होत्या. फलक लागला होता. मुलाला नेऊन दाखवला, एवढेच त्यांनी सांगितले. मुलगा काय म्हणाला ते सांगितले नाही आणि बाईंनी विचारले नाही. जाताना दारात थांबून टेलरबाई म्हणाल्या, "तो कारकून. धक्क्यावर मोजणारा. त्याने खरंच सत्तेचाळीस सोडले, की त्यालाही वरून कोणी सांगितलं होतं? आता पान क्रमांक फलकावर आहे. लोक वाचतील. त्यालाही कोणी लेक असेल."

"अहवालात एवढंच आहे. दुसरा स्रोत माझ्याकडे नाही."

"मग बघा," टेलरबाई म्हणाल्या आणि गळ्यातली फीत सारखी करून निघून गेल्या. माफीचा विषय त्यांनी त्याही दिवशी काढला नाही.

बाईंनी कोरे कार्ड घेतले. क्रमांक एक हजार एकशे एकेचाळीस. प्रश्न लिहिला, मिळाले तेवढे उत्तर लिहिले, स्रोताच्या ओळीत भाग आणि पृष्ठ लिहिले, त्यापुढे "एकच" असे लिहिले. मग कोपऱ्यात ठिपका दिला, या वेळी शाईने, आणि त्याच्याशेजारी ठिपक्याचा अर्थ.

निवृत्तीनंतर पहिल्या शनिवारी त्या वाचक म्हणून विभागात गेल्या आणि सात मिनिटे घेणारा संगणक सुरू करून बसल्या. कारकुनाचा प्रश्न अजून बाकी आहे.